गाणे बोलणाऱ्यांचा माइक

मित्रांनो, मी समोर दिसलो की माणसे आधी माझ्यावर फुंकर मारतात. मग डोक्यावर टिचकी मारतात, ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात आणि मी उत्तर देणार असल्यासारखी थांबतात. हे सगळे सोसून मी आता पोचे पडलेला, रंग उडालेला एक म्हातारा माइक झालो आहे. तक्रार नाही. आयुष्य चांगले गेले आणि अजून चालू आहे. पण माझी गोष्ट सांगण्याआधी एक गैरसमज दूर करतो. तुम्ही मला तोंड समजता. मी कान आहे. बोलतो तो स्पीकर. मी नुसता ऐकतो आणि ऐकलेले त्याला जाऊन सांगतो. चुगलखोर म्हणा हवे तर. वायर काढून ठेवली तरी माझे ऐकणे थांबत नाही, फक्त चुगली करता येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलांशी बायका डोळ्याला भिंग लावून बसायच्या आणि केसाहून बारीक तारेची वेटोळी गुंडाळायच्या. माझे वेटोळे जिने गुंडाळले तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. शिंक येणार असे वाटले की ती हात बाजूला घ्यायची, शिंकायची, आणि पुन्हा कामाला लागायची. तार काही तिने तुटू दिली नाही. ते वेटोळे एका पातळ पडद्याला चिकटवले, मागे चुंबक बसवला आणि वर जाळीची टोपी चढवली. कोणी बोलले की पडदा थरथरतो, त्याच्याबरोबर वेटोळे हलते आणि तारेतून वीज वाहू लागते. माझ्या पोटात याहून जास्त काही नाही. बाकी सगळा डौल.

तपासणीच्या टेबलावरच्या माणसाने माझ्यापुढे बोलून हेडफोनने ऐकले, नाक मुरडले आणि म्हणाला, “हा गाण्याचा नाही. लांबचं ऐकतच नाही. सूचनाबिचनांना द्या.” झाले. माझी जात तिथेच ठरली.

मला विकत घेतले ते एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी. त्यांच्याकडे शिकवण्याचे मोकळे मैदान होते. चुन्याच्या रेषा, रबरी शंकू आणि शिकाऊ माणसांच्या तावडीत सापडलेल्या बिचाऱ्या गाड्या. मैदानाच्या कडेला उंच स्टुलावर मास्तर बसायचे आणि मला ओठांशी धरून सूचना द्यायचे. “लाल गाडी, डावीकडे घ्या. डावीकडे म्हणजे घड्याळाच्या हाताकडे. निळी गाडी, तुम्ही मैदानातच थांबा, घरी नंतर जा.” मास्तर कधी ओरडले नाहीत. शिकाऊ माणसावर ओरडले तर त्याचा पाय ब्रेक सोडून भलत्याच ठिकाणी पडतो, असे ते म्हणायचे. त्यांचा आवाज सपाट रस्त्यावरच्या गाडीसारखा चालायचा आणि सूचनेच्या शेवटी हलकेच खाली उतरायचा. ऐकत राहावे असा तो आवाज होता, आणि मी तर ऐकण्यासाठीच बसलेलो.

मास्तरांना दोन मुले. थोरली मुलगी स्टुलाशेजारी उभी राहून कोणती गाडी कुठे चुकणार ते आधीच सांगायची. धाकटा मुलगा मास्तर पाणी प्यायला उठले की मला पळवायचा आणि गाणी म्हणायचा. त्याचा आवाज इतका उंच होता की एकदा पिवळ्या गाडीतल्या बाई दचकून शंकूंच्या रांगेत घुसल्या. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी फक्त सगळे शंकू पोराकडून उचलून घेतले.

पुढे मास्तर वारले. मैदानावर इमारत उभी राहिली. मुलीने स्कूल चालवायला घेतले, पण आता शिकवणी रस्त्यावर होती. शेजारच्या सीटसमोरही ब्रेक असलेली गाडी आली आणि माइक-स्पीकरची गरज उरली नाही. मला कपाटात टाकले. सोबतीला एक फुटका हेडलाइट, काही शंकू आणि एक उंदीर. उंदराने माझी वायर चाखून पाहिली आणि त्याला ती आवडली नाही, एवढे माझे नशीब. किती काळ गेला कुणास ठाऊक. कपाटात सकाळ-संध्याकाळ कळत नाही. मास्तरांच्या सूचना मी मनातल्या मनात पुन्हा ऐकायचो आणि वेळ काढायचो.

मला बाहेर काढले ते धाकट्याने. तो आता उंचाडा तरुण झाला होता, गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायचा आणि स्वतः गाणी रचून गिटारवर गायचा. त्याने रॉक बँड काढला होता. शिकवणीची गाडी बाहेर गेली की गॅरेज रिकामे व्हायचे, आणि तिथे बँडची तालीम चालायची. जमिनीवर तेलाचा डाग, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात पार्किंग समजावून सांगायच्या खेळण्यातल्या गाड्या. ड्रमवर एक बेकरीवाला होता. भट्टीत काहीतरी करपेल ही धास्ती त्याला दिवसभर पुरायची, त्यामुळे तो कोणतेही गाणे चालत सुरू करायचा आणि पळत संपवायचा. बेस गिटारवर चष्म्याच्या दुकानाचा मालक. गिऱ्हाइकांना ‘हे स्पष्ट दिसतंय की आधीचं?’ असे दिवसभर विचारून तो इतका दमायचा की तालमीत तोंड उघडत नसे. या दोघांच्या मधे धाकटा उभा राहायचा आणि असा स्वर लावायचा की छपराचा पत्रा वाजायचा. मित्र त्याला शिट्टी म्हणायचे. त्याला ते आवडायचे.

माझा मात्र त्याला फारसा उपयोग नव्हता. तो माझ्यापासून हातभर लांब उभा राहून गायचा, आणि लांबचे मला नीट ऐकू येत नाही. लवकरच त्याने एक चकचकीत नवा माइक आणला आणि मी खुंटीवर गेलो. खुंटी कपाटापेक्षा बरी. तिथून निदान तालीम ऐकू यायची. आणि आणखी एक दिसायचे. थोरली, जिला आता सगळे ताई म्हणत, शिकवणी संपवून परतली की गाडी दाराबाहेर उभी करायची, काच खाली करायची आणि तालीम संपेपर्यंत आतच बसून राहायची. ओठ हलत असायचे. भावाची सगळी गाणी तिला पाठ होती. गाता मात्र एक ओळ येत नव्हती. ती स्वर लावायला गेली की शेजारचे कुत्रे उठून जायचे.

मग धाकट्याचा आवाज बसू लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले, स्वरतंतूंवर गाठ सापडली, शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी निघाली. काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, त्यानंतर हळू आवाजात खुशाल बोला, पण उंच स्वर परत येतील या आशेवर राहू नका, असे बाईंनी सांगितले.

मौनाचे आठवडे संपले. धाकटा बोलला नाही.

तो मान हलवायचा, खांदे उडवायचा, मोबाइलवर टाइप करून दाखवायचा. गॅरेजला लागून फळ्यांची एक भिंत होती, तिच्यापलीकडे बसून पाट्या रंगवायचा. नवी गिऱ्हाइके त्याला जन्माचा मुका समजू लागली आणि त्याने तो समज दूर केला नाही. चकचकीत माइक त्याने कुणाला तरी देऊन टाकला. गिटार खोळीत गेले.

एका सकाळी बेकरीवाला आणि चष्मेवाला ताईला भेटायला आले. वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी गाण्यांचे कार्यक्रम व्हायचे आणि आमच्या बँडची पाळी जवळ आली होती.

“रद्द करून टाकतो ताई,” बेकरीवाला म्हणाला. “शिट्टी,” तो अडखळला, “म्हणजे तो नाही म्हटल्यावर आम्ही काय वाजवणार?”

“डॉक्टरांनी त्याला बोलायला सांगितलंय,” ताई म्हणाली. “एकदा आरशासमोर त्यानं तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो ऐकून मिटलं ते मिटलंच. आता घरात आम्ही दोघं आणि दोघांत एक मोबाइल. मीठ हवं असलं तरी टाइप करतो.”

मित्रांनो, ताईला कसली भीती वाटत होती ते समजून घ्या. गाणे गेले तरी माणूस जगतो. पण ज्याला आपल्याच आवाजाची लाज वाटू लागते तो आपल्याच घरात पाहुणा होतो, आणि भाऊ तसा होत चालला होता. त्याची गाणीही बंद पडली तर त्याला परत बोलावायला काही उरणार नाही, असे तिला वाटत होते. मला ते कळले, कारण ती बोलताना खुंटीखालीच उभी होती.

“रद्द करू नका,” ती म्हणाली. “शब्द मला पाठ आहेत.”

“तुम्हाला गाता येतं?”

“नाही. बोलता येतं.”

बेकरीवाल्याने चष्मेवाल्याकडे पाहिले. चष्मेवाल्याने चष्मा पुसला. ताईने मला खुंटीवरून काढले, पदर नव्हता म्हणून ओढणीने पुसले आणि म्हणाली, “हा बाबांचा. याला माझ्यासारख्यांची सवय आहे.”

पहिल्या तालमीत जे झाले ते गाणेही नव्हते आणि बोलणेही नव्हते. अपघात होता. बेकरीवाल्याने ड्रम सुरू केले, चष्मेवाल्याने बेस धरला, आणि ताईने मला ओठांशी घेऊन भावाचे गाणे बोलायला सुरुवात केली. स्वर काही नाही. ज्या आवाजात ती ‘क्लच दाबा, गिअर टाका’ म्हणायची त्याच आवाजात ती म्हणाली:

शेवटची बस गेली तरी मी थांब्यावर आहे.
बसची वाट बघत नव्हतोच मी.

पण प्रत्येक ओळ ठोक्याच्या जरा आधी यायची. बेकरीवाला तिला गाठायला धावायचा. तो धावला की ताईचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, ब्रेक दाबावा तसा. बरीच कसरत झाल्यावर तो काठ्या खाली ठेवून म्हणाला, “ताई, ठोका पडायच्या आधीच तुम्ही शब्द टाकून मोकळ्या होता.”

“मग कधी टाकू?”

“ठोक्यावर.”

“वळण आल्यावर ‘वळा’ म्हटलं तर गाडी भिंतीत जाते,” ताई म्हणाली. “आधीच सांगावं लागतं. इतकी वर्षं तेच करतेय, आता जीभ ऐकत नाही.”

तिने खरोखर प्रयत्न केला. जमेना. ठोक्यावर बोलायला गेली की ती अडखळायची आणि ओळच विसरायची. शेवटी चष्मेवाल्याने, ज्याचा आवाज मी तोवर क्वचितच ऐकला होता, तोंड उघडले. “तिला गाठू नकोस,” तो बेकरीवाल्याला म्हणाला. “ती सांगते, मग तू वळ. आणि तिच्या पायाकडे बघ.”

मित्रांनो, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की गाणे बोलतात म्हणजे काय करतात. शब्द पुढे जाऊन थांबत होता आणि ठोका मागून येऊन त्याच्या शेजारी बसत होता. ताई गात नव्हती, पण ओळीचे शेपूट जिथे खाली उतरायचे तिथे बेसचा स्वर बरोबर सापडायचा. बेकरीवाला तिच्या पायावर नजर ठेवून वाजवू लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा गाणे जितक्या वेगात सुरू केले तितक्याच वेगात संपवून थांबला. स्वतःच चकित झाला. मी जवळचे ऐकतो, जवळचे सगळे ऐकतो. ताईचा श्वास, ओठ उघडण्याचा बारीक आवाज, वाक्याआधीचा तिचा विचारसुद्धा. हे सगळे मी स्पीकरला सांगितले आणि गॅरेजभर तिचा आवाज असा पसरला, जणू ती प्रत्येकाच्या शेजारच्या सीटवर बसली आहे. कारखान्यातल्या त्या नाक मुरडणाऱ्या माणसाला बोलावून आणावे असे मला फार वाटले.

फळ्यांच्या भिंतीच्या फटीतून दिसले, पलीकडे कुंचला थांबला होता. मग पलीकडचे दार धाडकन लागले.

“आवडलं नाही त्याला,” बेकरीवाला म्हणाला.

“दार तरी आपटलं,” ताई म्हणाली. “गेल्या महिन्यापासून तो दारंसुद्धा गुपचूप लावत होता.”

रविवार आला. हॉलमधल्या साउंडवाल्याने मला दोन बोटांत उचलले. “हा कुठल्या खाणीत सापडला? आमच्याकडे नवे आहेत, ताई.”

“असू देत. मला हाच द्या.”

“गाण्याला नाही चालणार हा.”

“मी पण नाही चालणार,” ताई म्हणाली. त्याने मला स्टँडवर बसवले.

धाकटा आला होता. सामान पोचवायला म्हणून आला आणि शेवटच्या रांगेत, दाराशेजारच्या खुर्चीवर बसला. कधीही उठून जाता येईल अशी ती जागा होती.

पहिल्या गाण्याला लोक चुळबुळले. पहिल्याच रांगेतून कुणीतरी मोठ्याने म्हणाले, “गाणं आहे की सूचना?” त्याचे उत्तर देता आले असते तर मी दोन्ही म्हणालो असतो. टाळ्या वाजल्या त्या ओळखीच्या माणसांच्या, आणि त्याही ताईच्या जुन्या शिकाऊ मंडळींच्या. तिच्याकडे शिकून परवाना मिळवलेली माणसे तिला घाबरूनही टाळ्या वाजवतील.

दुसरे गाणे बसच्या थांब्याचे. अर्ध्यावर बेकरीवाल्याचा धीर सुटला. समोर इतकी माणसे, कपाळावर दिवे, आणि त्याला भट्टीची आठवण झाली असावी. तो पळू लागला. ताईने पाय दाबला, पण त्याचे लक्ष नव्हते. चष्मेवाला ओढला जाऊ लागला. तेव्हा दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत, ज्या आवाजात ती गाणे बोलत होती त्याच आवाजात, ताई माझ्या जाळीला ओठ लावून म्हणाली:

“हळू. घाई नाही. आरशात बघ. मागे कुणी नाही.”

हे वाक्य ती दिवसातून कितीदा म्हणत असेल. मागून हॉर्न ऐकल्यासारखे वाटून शिकाऊ माणूस घाबरला की ती त्याला हेच सांगते. बेकरीवाल्याने ऐकले आणि पाय घट्ट रोवून वेग उतरवला. पण हॉलमध्ये बसलेल्यांना काय ठाऊक? त्यांना वाटले हे गाण्यातच आहे. शेवटची बस गेलेल्या थांब्यावर एक माणूस उभा आहे आणि कोणीतरी त्याला सांगते आहे, घाई नाही, मागे कुणी नाही. हॉल एकदम शांत झाला. मी लांबचे ऐकत नाही, पण शांतता मला कळते. ताईलाही ती कळली आणि क्षणभर ती पुढची ओळ विसरली. मग आठवली. गाणे संपले तेव्हा टाळ्या अनोळखी माणसांच्याही होत्या.

घरी परतताना ताई गाडी चालवत होती आणि धाकटा मागे बसला होता. मी त्याच्या मांडीवर, वायर गुंडाळलेली. मग माझ्या डोक्यावर एक आवाज झाला. फरशीवरून जड खुर्ची ओढावी तसा.

“आरसा माझ्या गाण्यात नव्हता.”

ताईचे हात स्टिअरिंगवर आवळले, पण गाडी जराही हलली नाही. तिने मागे वळून पाहिले नाही. जणू रोजच बोलतो आहे अशा थाटात ती म्हणाली, “नव्हता. काढून टाकू का?”

पुढचा सिग्नल लागला, सुटला.

“नको,” तो म्हणाला.

मला वाटले ताई रडेल, पण ती गाडी चालवत होती आणि गाडी चालवताना ती दुसरे काही करत नाही. गॅरेजमध्ये गाडी लावून धाकटा आत गेल्यावर मात्र ती बराच वेळ स्टिअरिंगवर डोके टेकून बसली. मी मागच्या सीटवरून सगळे ऐकले, आणि वायर जोडलेली नव्हती हे बरेच झाले.

त्यानंतरचे दिवस मजेचे गेले. साउंडवाल्याचे मत बदलले होते आणि हॉलमध्ये असे गाणे बोलणारे कोणी आले की तो ताईकडून मला मागून न्यायचा. मला वाटायचे ताईसारखी ताईच. पण या जातीची माणसे बरीच निघाली. एक जण बोलायचा तो किल्ली हरवल्यासारखा, खिसे चाचपत, प्रत्येक शब्द सापडला की आश्चर्याने बाहेर काढायचा. एक बाई इतक्या रागाने बोलायची की माझी जाळी ओली व्हायची, आणि कार्यक्रम संपल्यावर तीच मला हळुवार पुसून ठेवायची. एक म्हातारा गृहस्थ जिन्यात भेटल्यासारखे बोलायचे, जाता जाता, आणि गिटारवाले पोर त्यांच्यामागे धावायचे. गाता येत नाही म्हणून बोलतात, असे लोक म्हणत. काहींचे तसे असेलही. पण मी जवळून ऐकले आहे म्हणून सांगतो, स्वराच्या काठावरून चालत राहणे आणि आत न पडणे, हेही येरागबाळ्याचे काम नाही. त्यातला कोणी नुसता वाचू लागला की लोक घड्याळ बघतात.

घरी धाकटा आता मोजके बोलायचा. हो, नाही, मीठ दे. तेही मान खाली घालून. पण गिटार खोळीबाहेर आले होते आणि भिंतीपलीकडून तारांचा आवाज यायचा. एका दुपारी तालीम चालू असताना तो गॅरेजमध्ये आला. हातात नवे गाणे. तो खुर्चीवर बसला, गिटार घेतले, कागद ताईपुढे धरला आणि तिने कुठे बोलायचे ते बोटाने दाखवू लागला.

ताईने सुरुवात केली. त्याने मान हलवली. तिने पुन्हा केली. पुन्हा नाही. बेकरीवाल्याला वाटले वेग हवा आहे, तो सुटला. धाकट्याने हात वर केले. चष्मेवाल्याला वाटले हळू हवे आहे. तेही नाही. धाकटा हवेत काहीतरी आखत होता आणि कोणालाच दिसत नव्हते. शेवटी तो वैतागून उठला, माझ्यापुढे येऊन उभा राहिला, जुन्या सवयीने हातभर लांब, आणि बोलला. मला काही ऐकू आले नाही. स्पीकर गप्प. त्याचा चेहरा पडला आणि त्याने मागे पाऊल घेतले.

“लांब राहिलास,” ताई म्हणाली. “पुढे ये. अजून. जाळीला ओठ लागू देत.”

तो पुढे आला. मी त्याचा श्वास ऐकला, घशातली खरखर ऐकली. मित्रांनो, मी चुंबक, तार आणि पडदा यांचा बनलेलो आहे, पण त्या क्षणी मी जितके नीट ऐकले तितके कधीच ऐकले नव्हते. तो बोलू लागला. आवाज खाली होता, फाटका होता, मधेच नाहीसा व्हायचा आणि पुढच्या शब्दाला परत यायचा. गाणे एका माणसाचे होते जो आपल्याच घराची बेल वाजवतो आणि दार उघडेपर्यंत काय म्हणायचे याचा विचार करतो. कुठे ठोक्याच्या आधी, कुठे बरेच मागे, कुठे नुसता श्वास. कागदावर बोट ठेवून हे दाखवता आले नसते. बेकरीवाला न पळता वाजवत राहिला. ताईच्या पायाकडे पाहण्याची त्याला गरज पडली नाही, कारण ताई हलतच नव्हती.

गाणे संपले. धाकट्याने घसा साफ केला आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, “असं बोलायचं. आता तू.”

“मी नाही बोलणार हे,” ताई म्हणाली.

“ताई, कार्यक्रम जवळ आलाय.”

“हो. म्हणून तर. तूच बोल.”

“आवाज फाटतोय माझा.”

“फाटू दे. क्लच तू याहून वाईट सोडायचास. लोक काय, रस्त्यावरून बाजूला होतील.”

धाकटा हसला. ते हसणे मी स्पीकरला पोचवले आणि ते इतके भयंकर वाजले, गंजलेले शटर उघडावे तसे, की आधी बेकरीवाला हसला, मग चष्मेवाला, आणि मग धाकटा स्वतः त्या आवाजाला पुन्हा हसला. ताईने एक खुर्ची ओढली आणि माझ्या स्टँडच्या डाव्या बाजूला ठेवली.

“चल,” ती म्हणाली. “तू चालव. मी शेजारी बसते.”

आता आमच्या बँडमध्ये दोघे बोलतात. धाकटा मधे उभा राहतो, ताई शेजारी बसते आणि जिथे त्याचा आवाज नाहीसा होतो तिथे ती शब्द धरून ठेवते, तो परत येईपर्यंत. दोघांत माइक एकच, मी. साउंडवाल्याने दुसरा देऊ केला होता, त्यांनी घेतला नाही. घरात मीठ मागायला मोबाइल लागत नाही. नंबरपाट्यांच्या गिऱ्हाइकांशी धाकटा आता दरावरून हुज्जतही घालतो, आणि त्या आवाजाला घाबरून ती लवकर कबूल होतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे आमच्यासारख्यांनी शेवटी सांगायचे असते. राखाच. माइक कोरड्या फडक्याने पुसावा, वायर ताणू नये, जमिनीवर आपटू नये. पण त्याहून जास्त आवाजाची निगा राखा. उगीच किंचाळून तो झिजवू नका. आणि कुणाचा झिजलाच, कुणी बोलायचे थांबलाच, तर त्याला ‘मोठ्याने बोल’ म्हणू नका. तुम्ही जवळ सरका. आवाज पूर्वीसारखा होण्याची वाट पाहू नकोस, असेही त्याला सांगा. जेवढा उरला असेल तेवढा घेऊन ये म्हणावे.